नियम नंबर चार आणि काकांची छोटी गाडी

आमच्या गाड्यांच्या क्लबच्या परवाच्या मीटिंगनंतर तीन वेगवेगळ्या लोकांनी फोन करून मला एकच गोष्ट सांगितली, की वहिनी तुम्ही खजिनदार, तुम्ही हिशेबाचं बघा, नियमांच्या भानगडीत कशाला पडता. बरं. हिशेबाचं पण सांगते, पण जरा लांबून सुरुवात करते कारण हे सगळं रामायण सुरू झालं काकांच्या गुडघ्यांपासून.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत, क्लबात सगळेच त्यांना काका म्हणतात. आमचा क्लब थारवाल्यांचा, म्हणजे महिंद्राची ती जीपसारखी गाडी, चिपळूणचा. सात गाड्यांवर सुरू झाला, सातही जुन्या सीआरडीई (पहिल्या पिढीच्या डिझेल) थार, आणि त्यातली पहिली काकांची. इथून खाली देवगडपर्यंत कुठल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कुठून चढायचं, कुठल्या वाडीत कोणाला विचारल्याशिवाय गाडी घालायची नाही, कुठला पऱ्या (ओढा) वरून कोरडा दिसला तरी ऑक्टोबरात चाक गिळतो, कुठल्या खानावळीत आदल्या दिवशी फोन केला तरच घावणे मिळतात, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेही नाही. गेल्या वर्षी त्यांचे दोन्ही गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले क्लच बंद आणि उंच चढ-उतार पण बंद. काकांनी थार विकली, काकी म्हणाल्या दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही, आणि एक ऑटोमॅटिक हॅचबॅक घेतली, बाजारात जायला असते तसली.

आणि मग आडवा आला नियम नंबर चार. क्लबच्या कुठल्याही ड्राइव्हला फक्त थार.

काकांना कोणी मुद्दाम काढलं असं नाही हं. सेक्रेटरी दर एप्रिलला सगळ्यांकडून आरसीचे फोटो मागवतो, ज्याच्याकडे थारची आरसी नाही त्याचं नाव ग्रुपवरून जातं. एका दुपारी ‘काका लेफ्ट’ असं नाही, ‘काका रिमूव्ह्ड’ असं दिसलं आणि खाली लगेच कोणीतरी टायरचा डिस्काउंट फॉरवर्ड केला. मी फोन केला, म्हटलं काका माझ्या बाजूला बसून चला, सीट रिकामीच असते. तर म्हणतात, "अगं बाजूच्या सीटवर बसून मी लग्नाला जातो, ड्राइव्हला नाय जात."

आता एक कबूल करते. नियम नंबर चार आणला तेव्हा मी पण हात वर केला होता. तो नियम कोणाच्या डोक्यातून उगाच उगवलेला नाही. थारच्या आधी आमच्याकडे एक सगळ्या गाड्यांचा मिळून ग्रुप होता, या रे या सगळे या. पहिल्या वर्षी मजा आली. दुसऱ्या वर्षी मित्राचा मित्र, त्याचा भाऊजी, भाऊजींच्या ऑफिसातले चार जण, कोणाच्या गाडीत डिकीएवढा स्पीकर, कोणी सकाळी साडेआठलाच बाटली उघडलेली, कुंभार्ली घाटात ओळीनं जायचं ठरलेलं असताना वळणावर ओव्हरटेक, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हे कोणाच्या गावीच नाही. तिसऱ्या वर्षी तो ग्रुप म्हणजे हॉटेल बुकिंगचा ग्रुप झाला आणि मग मेला. त्यामुळे थारचा क्लब काढला तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच होतं की दार जरा अरुंद ठेवू. आणि गाडी एक असल्याचे फायदे असतातच. कोणाची गाडी बंद पडली तर सात जणांनी तोच आवाज आधी ऐकलेला असतो. बेल्ट एकाकडे, फ्यूज दुसऱ्याकडे, टो करायचं तर हुक कुठे लावायचा हे चिखलात आडवं होऊन शोधावं लागत नाही. शिवाय फोटो. हसू नका, फोटो हा मोठा मुद्दा आहे. गुहागरला सुरूच्या बनाच्या कडेला वीस थार ओळीत लावून काढलेला फोटो चार जणांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला आहे, एक माझ्या घरी.

पण आता ‘थार’ म्हणजे नक्की काय ते सांगा. माझी २०१४ची, सीआरडीई, ही गाडी २०१० साली आली. मग २०२० साली २ ऑक्टोबरला नवी थार आली, ती दिसायला बहीण पण आतून सगळी वेगळी, इंजिन वेगळं, चासी वेगळी, माझे टायर सोळा इंची रिमचे आणि तिच्या वरच्या मॉडेलचे अठराचे, म्हणजे माझी स्टेपनी त्यांना आणि त्यांची मला काडीच्या कामाची नाही. मग जानेवारी २०२३ला रिअर-व्हील ड्राइव्हवाली आली, म्हणजे चारही चाकं फिरणारी फोर बाय फोर नाहीच. मग २०२४च्या १५ ऑगस्टला रॉक्स, पाच दरवाजे, जुन्या-नव्या तीन दरवाजांच्या थारपेक्षा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) चाळीसेक सेंटिमीटरनं लांब. मागच्या पावसाळ्यानंतरच्या ट्रेलला, म्हणजे कच्च्या वाटेवरच्या ड्राइव्हला, काजूच्या बागेत एका अरुंद वळणावर रॉक्सला तीन वेळा मागेपुढे करावं लागलं, ज्या वळणावर माझी म्हातारी एका दमात वळली. त्यात गाडीचा दोष नाही, लांब गाडी लांबच वळणार. माझं म्हणणं एवढंच की "आपल्या सगळ्यांची गाडी एकच" हे वाक्य सात गाड्या होत्या तेव्हा खरं होतं, आज एकतीस गाड्यांमध्ये खरं एवढंच उरलंय की मागच्या बाजूला नाव एक लिहिलेलं आहे.

आणि ह्याच नियमानं रत्नागिरीच्या एका पोराला नाही म्हटलं. त्याच्याकडे मारुतीची जिम्नी आहे. जिम्नी जून २०२३ला आली, घ्याल ते मॉडेल फोर बाय फोर, लो रेंज (चिखल-चढाला लागणारा जास्त ताकदीचा गिअर) आहे, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, २१० मिलिमीटर (नव्या थारचा २२६, म्हणजे फरक दीडेक सेंटिमीटरचा), आणि वजन थारपेक्षा चारपाचशे किलोनं कमी, म्हणजे चिखलात रुतली तर चार माणसं ढकलून काढतील. त्याला प्रवेश नाही. मागची दोनच चाकं फिरणाऱ्या थारला त्याच चिखलात प्रवेश आहे, आणि मग तिला बाहेर काढायला आमची सकाळ जाते. हे मी मीटिंगमध्ये म्हटलं तेव्हा एक जण म्हणाला, वहिनी ते वेगळं, ती आपली आहे. हो ना. आपलीच आहे, म्हणून तर आम्ही काढतो बाहेर.

माझे एक चुलत दीर न्यू जर्सीला असतात, त्यांना गाड्यांचं वेड. त्यांच्याकडे साधी होंडा आणि जातात बीएमडब्ल्यू क्लबच्या ड्रायव्हिंग स्कूलला. तो क्लब १९६९चा, नावातच बीएमडब्ल्यू, पण ट्रॅकवर गाडी शिकायच्या दिवसाला बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या गाड्या घेतात. मी विचारलं असं कसं चालतं, तर म्हणाले, वहिनी, ट्रॅकचं भाडं दिवसाचं असतं, दहा गाड्या आल्या तरी तेवढंच आणि चाळीस आल्या तरी तेवढंच. पोर्शेवाल्यांचा तिथला क्लब तर १९५५चा, त्यांच्यात प्रत्येक विभाग आपापलं ठरवतो, कुठे फक्त पोर्शे, कुठे मोकळं. मेंबरशिप, मासिक, वर्षाचं जेवण, ते ज्याच्या त्याच्या गाडीचं. ट्रॅकवर मात्र बघतात ते ब्रेक फ्लुइड कधी बदललं, टायर किती उरलाय, बॅटरी घट्ट बसलीय का, हेल्मेट कुठल्या दर्जाचं आहे, आणि नवशिक्याच्या बाजूला शिकवणारा बसतो. आणि गंमत म्हणजे त्यातल्या कित्येक ठिकाणी उंच गाड्या, एसयूव्ही, घेतच नाहीत, कारण वळणावर पलटी खायची भीती. म्हणजे आमची अख्खी कमिटी आपापल्या थार घेऊन तिथल्या गेटवर गेली तर गेटवरचा माणूस नाव न वाचताच परत पाठवेल. उंची बघून. मला हे फार आवडलं, मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होते.

आपल्याकडे ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचा, कोइम्बतूरचा, नाहीतर दिल्लीकडचा बुद्ध सर्किट, २०११चा. कोकणात ट्रॅक म्हणजे एनएच ६६वरचा डायव्हर्जनचा बोर्ड नसलेला तुकडा. त्यामुळे तिथली गोष्ट जशीच्या तशी इथे लागू होत नाही हे मला कळतं. पण भाड्याचा हिशेब लागू होतो आणि तो माझा विषय आहे, म्हणून सांगतेच. आमच्या ट्रेलच्या दिवसाला खर्च येतो साधारण सव्वीस हजार. काजूच्या बागेच्या मालकाला द्यायचे, बांध मोडला तर दुरुस्तीचे, एक अॅम्ब्युलन्स दिवसभर उभी, एक ट्रॅक्टर उभा, लाल-पांढऱ्या पट्ट्या, पाणी, नाश्त्याचा ॲडव्हान्स. मागच्या वेळी गाड्या आल्या तेरा, म्हणजे गाडीमागे दोन हजार. वीस आल्या असत्या तर तेराशे. सात गाड्या बाहेर उभ्या होत्या, त्यातल्या तिघांचे मला फोन होते, दोन जिप्सी आणि ती जिम्नी, आणि मी खजिनदार म्हणून त्यांना नाही म्हणायचं आणि खजिनदार म्हणूनच मेंबरांकडे दोन-दोन हजार मागायचे. हा हिशेब कुठल्या वहीत बसतो मला दाखवा.

तर ह्या सगळ्यात मी फेब्रुवारीत एक आगाऊपणा केला. माघी पौर्णिमा रविवारी आली होती, चिपळूण, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीनं जयगड, मग गणपतीपुळे आणि सूर्यास्ताला आरे-वारेच्या वरच्या रस्त्यावर, असा सगळा डांबरी रस्त्याचा ड्राइव्ह होता, कुठे चिखल नाही, सडा नाही. मी म्हटलं काका माझे पाहुणे म्हणून येतील, त्यांच्या गाडीतून. अध्यक्ष कुरकुरले, सेक्रेटरी म्हणाला लेखी द्या. दिलं लेखी.

आदल्या रात्री काकांचा फोन. "पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती भरली की साडेपाचच्या आसपास पाणी तळाला. उधाणाची ओहोटी, लक्षात ठेव. चारच्या आत आपण पलीकडे पाहिजे, नाहीतर जेट्टीवर माझी वाट लागेल." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अॅप लागत नाही, मोबाइलला रेंज तर त्या पट्ट्यात नसतेच.

सकाळी सगळं वेळेवर. हेदवीला दशभुजाचं दर्शन, मग बामणघळ, ती भरतीलाच बघायची असते, लाट कपारीत घुसून वर उसळते तेव्हा पोटात गोळा येतो. तिथपर्यंत घड्याळाप्रमाणे. मग जेवणाला पाऊण तास जास्त गेला, आणि मग आमच्याच एका मेंबरचं ड्रोन नारळाच्या झावळीत अडकलं. ड्रोन काढायला माडावर चढणारा माणूस शोधणे, त्याची दुपारची झोप मोडणे, तो आल्यावर त्यानं शांतपणे आधी तंबाखू मळणे. तवसाळच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा सव्वापाच वाजले होते.

ओहोटीच्या जेट्टीचं असं असतं की सिमेंटचा उतार खाली पाण्याकडे जातो आणि बोटीची लोखंडी फळी तिथून वर चढते, भरतीला दोन्ही जवळजवळ सपाट, पण उधाणाच्या ओहोटीला मध्ये इंग्रजी व्ही तयार होतो. थारला काही नाही, टुणकन नाक वर आणि आत. आमच्या सात गाड्या अशाच गेल्या. आठवी काकांची. काकांनी गाडी थोडी तिरकी घेतली, म्हणजे आधी एक चाक चढेल, बोटीवरचा पोरगा हात हलवतोय येऊद्या येऊद्या, आणि करकर्र असा आवाज आला की माझे दात शिवशिवले. पुढच्या बंपरचा खालचा ओठ फळीला घासला, नंबर प्लेट वाकली, दोन क्लिपा तुटून पाण्यात. काका थांबले. काच खाली केली. बोटीवरचा म्हणतो जोरात घ्या काका, जाईल. काका म्हणाले, "नाय. तुमची वेळ आहे, तुम्ही जा." आणि रिव्हर्स घेऊन सगळा उतार परत वर आले, मागच्या गाड्यांना मागे सरकावं लागलं ते वेगळंच. बोट सात गाड्या घेऊन गेली.

मागे उरलो सहा गाड्या. सेक्रेटरी माझ्या शेजारी उभा होता, एक शब्द बोलला नाही, फक्त घड्याळ बघितलं. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या फेरीला काय केलं ते ऐका. एका पोरानं त्याच्या थारवरून वाळूत रुतल्यावर चाकाखाली घालतात त्या जाड प्लास्टिकच्या फळ्या काढल्या, आजवर त्या फक्त रूफवर दिसायला बांधलेल्या होत्या, वाळू त्यांनी कधी बघितली नव्हती. त्या बरोबर त्या व्हीच्या खोबणीत आडव्या-उभ्या रचल्या, एकावर एक, चाकं जातील तिथे. काकांनी स्वतः खाली वाकून (गुडघे धरून, ओठ घट्ट मिटून) बंपर आणि फळीमधली फट बघितली, एक फळी वीतभर पुढे सरकवायला सांगितली, आणि मग गाडी चढवली, इतकी हळू की चाकाच्या खाचेत अडकलेला एक शिंपला मला एक-एक खाच वर जाताना दिसत होता. घासली नाही. बंपर दोन केबल टायवर लटकत होता पण घासली नाही.

पण आरे-वारेचा सूर्यास्त हुकला. पहिल्या सात गाड्यांना मिळाला, धावतपळत का होईना, त्यांचे फोटो आम्ही गणपतीपुळ्याच्या अलीकडे अंधारात बघितले. अख्खा ड्राइव्ह त्या सूर्यास्तासाठी आखला होता. मी कितीही म्हटलं की उशीर ड्रोनमुळे झाला, आणि झालाच ड्रोनमुळे, तरी दुसऱ्या फेरीची वाट बघावी लागली ती काकांच्या गाडीमुळे हे खरं आहे, आणि ते सगळ्यात आधी काकांनीच कबूल केलं, रत्नागिरीत जेवताना उभं राहून. म्हणाले चूक माझी, पाण्याची पातळी मला दिसत होती, मी रांगेत लागायलाच नको होतं.

म्हणून मीटिंग.

मीटिंगमध्ये सगळ्यात आधी कोणीतरी पुराचं काढलं. २२ जुलै २०२१. चिपळुणात त्या दिवशी काय झालं ते चिपळूणकराला सांगावं लागत नाही, वाशिष्ठी घरात आली होती, आणि नंतरचे आठ-दहा दिवस ज्याच्याकडे उंच गाडी तो पाणी, औषधं, चटया घेऊन फिरत होता, थार, जिप्सी, बोलेरो, कोणी विचारत नव्हतं. मग आता का विचारता, असं त्याचं म्हणणं. टाळ्या पडल्या. मला तो मुद्दा पटला नाही, माझ्या बाजूचा असून पटला नाही. पुरात सगळेच एक होतात हो, पुरात आमच्याकडे एकमेकांशी न बोलणारे भाऊ एका माळ्यावर राहिले आणि पाणी उतरल्यावर परत बोलेनासे झाले. रविवारच्या सहलीचा नियम पुरावरून ठरवायचा नसतो.

दुसरा म्हणाला, गोव्यात बघा, २०१४पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, जिप्सी, थार, सगळे एकाच चिखलात. लगेच उत्तर आलं की ती स्पर्धा आहे, क्लब नाही, आणि महिंद्रा स्वतःचा ग्रेट एस्केप करतं तिथे महिंद्राच्याच गाड्या असतात. दोन्ही बरोबर. कंपनी पैसे घालते तर कंपनीच्या गाड्या, त्यात काय चूक. पण आम्हाला कंपनी पैसे देत नाही, आमच्या चहाचे पैसे मी गोळा करते.

मग मी उभी राहिले. मी म्हटलं, मेंबरशिप थारवाल्यांचीच ठेवा. ग्रुप, स्टिकर, टी-शर्ट, गुहागरचा फोटो, सगळं थारचं ठेवा, मला त्यात काही बदलायचं नाही, मला पण तो फोटो आवडतो. फक्त ड्राइव्हला कोण येणार हे रस्त्यावर सोडा. डांबरी ड्राइव्ह असेल तर पाहुण्यांच्या गाड्या घ्या, एकूण गाड्यांच्या पावपट, त्याहून जास्त नको, मेंबराच्या ओळखीनं आणि मेंबराच्या जबाबदारीवर, आणि फॉर्मवर गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स लिहून घ्या म्हणजे फेरी कुठल्या वेळेला धरायची ते आधी कळेल. ट्रेल असेल तर फोर बाय फोर पाहिजे, लो रेंज पाहिजे, पुढे-मागे दोन्हीकडे दोर लावायला धड हुक पाहिजे, आणि मग ती जिप्सी असो, गुरखा असो, जिम्नी असो. आणि जे ह्यात बसत नाही ते ट्रेलला येणार नाही, कोणीही असो.

शांतता. आणि मग एकाच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे माझी पण नाही?"

आमच्या एकतीस गाड्यांत रिअर-व्हील ड्राइव्हवाल्या सहा आहेत. आणि नियम नंबर चारसाठी सगळ्यात जोरात भांडणारे जे सहा जण, ते बरोबर तेच सहा. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. फोर बाय फोर घ्यायची तर दोन-तीन लाख जास्त, घरी बायकोला कसंबसं पटवून ती गाडी आणलेली, आणि क्लबात आल्यावर निदान इथे तरी आपण सगळे थारवाले, तुम्ही कमी असं कोणी म्हणत नाही. नियम नंबर चार हे त्यांचं छप्पर आहे. ते काढताना मी त्यांना काय देतेय तर फॉर्ममध्ये एक रकाना. तो एक जण, चांगला मुलगा आहे, दुसऱ्याची गाडी काढायला पहिला चिखलात उतरणारा, तो उठून बाहेर गेला आणि चहा प्यायला पण आला नाही.

ह्याचं उत्तर माझ्याकडे त्या वेळी नव्हतं. नंतर सुचलं की बागेत सोपी एक वाट आणि अवघड एक वाट अशा दोन पट्ट्या आखता येतील, ट्रॅक्टर आणि अॅम्ब्युलन्स तीच, खर्च तोच, सोप्या वाटेवर रिअर-व्हीलवाले. त्याला मेसेज केला. ब्लू टिक आली आहे.

एक मुद्दा मात्र मीटिंगमध्ये राहून गेला. गाडी कुठली ह्यावर आम्ही दोन तास घालवले आणि गाडी कुठे घालायची नाही ह्यावर दोन मिनिटं पण नाही. काकांच्या डोक्यात जे आहे त्यातला सगळ्यात मोठा भाग तो आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, वाळूवर गाडी नाही म्हणजे नाही. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि त्यातली कित्येक साध्या नजरेला दिसत पण नाहीत, जांभ्यावर नुसती रेघ दिसते, चाक त्यावरून कधी गेलं कळणार नाही. एका सड्यावर काकांनी आम्हा सगळ्यांना गाडीतून उतरवून अर्धा किलोमीटर चालत नेलं होतं, उन्हात, कुरकुर करत गेलो, आणि मग त्यांनी बाटलीतलं पाणी कातळावर ओतलं आणि त्या ओलीत एका जनावराची पाठ उमटली, मग पाय. परत चालत आलो, गाड्या होत्या तिथूनच वळवल्या. गेल्या डिसेंबरात भर ओहोटीत ओल्या वाळूत गाडी घालून रील बनवणारा आमचाच मेंबर होता, थारची आरसी असलेला, फी भरलेला. त्याचं नाव अजून ग्रुपवर आहे.

निर्णय झाला नाही. पावसाळ्यात तसेही ड्राइव्ह बंद, दरडी कोसळतात, उगाच कशाला, त्यामुळे पुढची मीटिंग गणपतीनंतर. पण डांबरी ड्राइव्हचा एक प्रयोग करून बघायला अध्यक्ष तयार झाले, कोजागिरीच्या आसपास, पाहुण्यांच्या चार गाड्या, फॉर्मवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना. सेक्रेटरीनं फॉर्म त्याच रात्री बनवून ग्रुपवर टाकला, काम चोख आहे त्याचं.

काका ग्रुपवर नाहीत, म्हणून मी तो त्यांना वेगळा पाठवला. सकाळी त्यांचं उत्तर आलं. फोटो. अंगणात गाडी उभी, पुढच्या बंपरखाली नातवाची शाळेची लाकडी पट्टी उभी धरलेली, बाजूला काकांचा अंगठा, आणि बंपर अजून त्या दोन केबल टायवरच. खाली लिहिलेलं, "कंपनीचे आकडे कंपनीला. माझ्या गाडीत चार माणसं बसली की सोळा सेंटिमीटर. कोजागिरीला जाणार असाल तर फेरी सकाळी अकराला धरा, आणि त्या ड्रोनवाल्याला सांगा, माडांपासून लांब."

मी तसंच्या तसं ग्रुपवर फॉरवर्ड केलं. सेक्रेटरीचा अंगठा आला. ड्रोनवाल्याचा अजून आलेला नाही.